काउंटीच्या हाती झाडू दिला, तिजोरीची किल्ली मात्र राजधानीतच

5 नोव्हेंबर 2024 ला सगळ्या जगाचं लक्ष एकाच प्रश्नाकडे होतं, ट्रम्प येणार की कमला हॅरिस? त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या मतदारांना आणखी एक प्रश्न विचारलेला होता. फ्रँकलिन नावाच्या एका काउंटीच्या शाळा मंडळाच्या ताब्यात काही जमीन आहे. ती जमीन आणि तिच्यातली साधनसंपत्ती त्या मंडळाला विकता यावी, भाड्यानं देता यावी की नाही? फ्रँकलिन काउंटीची लोकसंख्या तीस-बत्तीस हजार. प्रश्न तिथल्या शाळांचा. पण मत दिलं ते अख्ख्या राज्यानं, ज्यांनी कधी फ्रँकलिनचा रस्ताही पाहिला नसेल अशा लाखो लोकांनी. मंजुरी मिळाली, ते बरं झालं. पण शाळेची जमीन भाड्यानं द्यायला राज्यघटना बदलावी लागते, ही काय भानगड आहे, हा प्रश्न आम्हा शिक्षक मंडळींना तरी पडल्याशिवाय राहत नाही.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं एक एकक समजा. अलाबामात अशा 67 काउंट्या आहेत. प्रत्येकीचं एक निवडून आलेलं मंडळ असतं, त्याला काउंटी कमिशन म्हणतात. आपल्या जिल्हा परिषदेचा चुलतभाऊच म्हणा ना. रस्ते, पूल, तुरुंग, कोर्टाची इमारत, कागदपत्रांच्या नोंदी अशी कामं त्याच्याकडे. पण या मंडळाला स्वतःचा असा इख्तियार जवळजवळ नाही. राज्याच्या विधिमंडळानं जेवढं लिहून दिलं तेवढंच करायचं, त्यापलीकडे एक पाऊल टाकायचं तर राजधानी माँटगोमेरीला अर्ज घेऊन जायचं. अमेरिकेत सगळीकडे असं नाही. कॅलिफोर्नियानं 1911 सालीच काउंट्यांना आपला कारभार आपण ठरवण्याची मुभा दिली. त्याला तिकडे 'होम रूल' म्हणतात. हा शब्द आपल्याला परका नाही. टिळक आणि अ‍ॅनी बेझंट यांच्या होम रूल लीगचा धडा शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलेला आहे. तिथं मागणी परकीय सरकारकडे होती. अलाबामात मागणी आपल्याच राज्याच्या सरकारकडे आहे, आणि सव्वाशे वर्षं ती नीट पुरी झालेली नाही.

या सव्वाशे वर्षांत काउंट्यांना थोडी मोकळीक देणारा एक प्रश्न राज्यभरच्या मतदानाला आला तो 8 नोव्हेंबर 2016 ला. ट्रम्प पहिल्यांदा निवडून आले तोच दिवस. त्या दिवशी अलाबामाच्या मतपत्रिकेवर राज्यघटनेच्या एक-दोन नाही, 14 दुरुस्त्या होत्या. त्यातली एक पिकन्स काउंटीच्या एका न्यायाधीशाच्या पदासाठी वयाची मर्यादा 75 करावी का, याबद्दल होती. एक बाल्डविन काउंटीतल्या टोल रस्त्याबद्दल होती. आणि चौथ्या क्रमांकावर आमचा आजचा विषय होता. राज्यातल्या प्रत्येक काउंटी कमिशनला, काही मर्यादांच्या आत राहून, काउंटीच्या कारभाराशी संबंधित काही कार्यक्रम सुरू करण्याचा अधिकार द्यावा का?

मतपत्रिकेवरचं वाक्य साधारण एवढंच होतं. 'काही मर्यादा', 'काही कार्यक्रम'. कुठल्या मर्यादा, कुठले कार्यक्रम, हे मतदाराला मतदान केंद्रात उभं राहून समजण्याची सोय नव्हती. परीक्षेत असा प्रश्न काढला तर मुलं आम्हाला धारेवर धरतील. आणि अलाबामात लोकांनी सह्या गोळा करून स्वतःचा प्रश्न मतपत्रिकेवर आणण्याची पद्धतही नाही. काही राज्यांत ती आहे. इथं प्रश्न विधिमंडळच ठरवणार, शब्दही तेच निवडणार, लोकांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं.

मूळ मजकूर उघडून बघितला की दुरुस्तीत काय होतं ते कळतं. कमिशननं आपल्या कर्मचाऱ्यांबाबत नियम करावेत. रस्ते आणि सार्वजनिक जागा स्वच्छ ठेवण्याचे कार्यक्रम काढावेत. सार्वजनिक वाहतूक, रस्त्यांवरची सुरक्षितता, आपत्तीच्या वेळची मदत यांची व्यवस्था करावी. या सगळ्यासाठी दरवेळी विधिमंडळाकडे जायची गरज नाही. वाचून बरं वाटतं. मग मर्यादा येतात. कर किंवा फी लावता येणार नाही, वाढवताही येणार नाही. कुणी आपल्या खासगी जमिनीचा वापर कसा करावा यात हात घालता येणार नाही. निवडून आलेल्या अधिकाऱ्यांच्या पगाराला हात लावता येणार नाही. थोडक्यात, रस्ता झाडायचा अधिकार मिळाला, पण झाडणाऱ्याचा पगार कुठून द्यायचा ते अजूनही माँटगोमेरीच ठरवणार.

दुरुस्ती मंजूर झाली. काउंटी कमिशनांच्या संघटनेनं तिला पाठिंबा दिला होता, आणि आमच्या मते तो योग्यच होता. छोट्या-छोट्या कामांसाठी राजधानीच्या वाऱ्या थांबणं ही लहान गोष्ट नाही. त्याच दिवशी तिसऱ्या क्रमांकाची दुरुस्तीही मंजूर झाली, आणि खरं तर तिचा संबंध या विषयाशी जास्त जवळचा आहे. एकाच काउंटीबद्दलचा प्रश्न फक्त त्या काउंटीतल्या मतदारांपुढे कधी जाणार आणि सगळ्या राज्यापुढे कधी, याची पद्धत तिनं बदलली. आधीचा नियम असा होता की विधिमंडळात एका जरी सदस्यानं विरोधात मत दिलं तर प्रश्न सगळ्या राज्यापुढे जायचा. म्हणजे कुठल्या तरी दूरच्या मतदारसंघातला एक आमदार रागावला तर एका काउंटीचा प्रश्न 67 काउंट्यांच्या मतदारांपुढे. पद्धत बदलल्यानंतरही, 2024 साली फ्रँकलिनच्या शाळेची जमीन राज्यभर फिरून आलीच.

आता इतकी गुंतागुंत मुळात केली कुणी आणि का? याचं उत्तर 1901 सालात आहे, आणि ते समजल्याशिवाय 2016 ची दुरुस्ती म्हणजे नुसती कारकुनी वाटेल.

21 मे 1901 ला माँटगोमेरीत घटना परिषद भरली. 155 प्रतिनिधी, सगळे गोरे पुरुष. अध्यक्ष जॉन बी. नॉक्स नावाचे वकील. त्यांनी सुरुवातीच्या भाषणात काहीच आडपडदा ठेवला नाही. देशाच्या घटनेनं घातलेल्या मर्यादेत राहून या राज्यात गोऱ्यांचं वर्चस्व कायम करायचं, हेच आपलं काम आहे, असं त्यांनी सांगितलं. गुलामगिरी संपून तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती. कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक होता, आणि ज्या भागात कापसाचे मोठे मळे होते तिथं त्यांची संख्या गोऱ्यांहून जास्त होती. तिथल्या काळ्या, सुपीक मातीवरून त्या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात.

नव्या घटनेनं मतदारासाठी चाळण्या लावल्या. लिहिता-वाचता येणं, मालमत्ता असणं, नोकरी असणं, आणि दीड डॉलरचा वार्षिक मतदान कर, जो थकत गेला तर साचत जायचा. 1900 साली मतदानाच्या वयाचे सुमारे 1 लाख 81 हजार कृष्णवर्णीय पुरुष राज्यात होते. 1903 मध्ये मतदार यादीत त्यातले 3 हजारही उरले नाहीत. गरीब गोरेही हजारोंच्या संख्येनं बाहेर फेकले गेले, हेही सांगितलं पाहिजे. गंमत, की क्रूर थट्टा म्हणावी, ही घटना मंजूर झाली ती ब्लॅक बेल्टच्या मतांवर. राज्याच्या उरलेल्या भागात विरोधातली मतं जास्त होती. पण जिथं कृष्णवर्णीय बहुसंख्य होते त्या काउंट्यांतून तिच्या बाजूनं 36 हजारांहून जास्त मतं 'पडली' आणि विरोधात साडेपाच हजारांच्या आत. स्वतःचा मताधिकार काढून घ्यायला लोकांनी रांगा लावल्या, असं ज्याला मानायचं असेल त्यानं मानावं. इतिहासकार त्याला घोटाळा म्हणतात.

मताधिकाराचा हा भाग पुष्कळ लोकांना माहीत असतो. दुसऱ्या भागाबद्दल कमी बोललं जातं. परिषदेला एक धास्ती होती. मत काढून घेतलं तरी उद्या दिवस बदलले, एखाद्या काउंटीत कृष्णवर्णीयांचं किंवा गरिबांचं मंडळ आलंच, तर? ते जमिनीवर कर लावेल, त्यातून शाळा काढेल. मळेवाल्यांना हे नको होतं. म्हणून काउंटीला अधिकारच द्यायचे नाहीत, आणि मालमत्ता कराची कमाल मर्यादा थेट घटनेत लिहून टाकायची. कराला मर्यादा घालण्याची सुरुवात 1875 च्या घटनेतच झाली होती, 1901 नं ती पक्की केली. समोरचा दरवाजा तोडून कुणी आत आलाच तर आतलं कपाट कुलूपबंद सापडावं, अशी व्यवस्था.

कुलूप किती टिकाऊ निघालं बघा. काउंटीला काहीही हवं असेल तर घटनादुरुस्ती, म्हणून दुरुस्त्यांचा ढीग साचत गेला. जेफरसन काउंटीतलं वाढलेलं रान आणि भंगार गाड्या हटवण्यासाठी दुरुस्ती. मोबाइल काउंटीतल्या डासांच्या बंदोबस्तासाठी दुरुस्ती. लाइमस्टोन काउंटीत मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावण्यासाठी दुरुस्ती. 2022 पर्यंत आकडा 977 वर गेला, आणि त्यातल्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास एकाच काउंटीच्या किंवा शहराच्या कामाच्या होत्या. शब्दसंख्या चार लाखांच्या घरात. भारताची राज्यघटना कुठल्याही देशाच्या लिखित घटनांमध्ये सर्वांत मोठी, असं आपण मुलांना शिकवतो आणि ते खरं आहे. पण अमेरिकेतलं हे एक राज्य शब्दांच्या बाबतीत आपल्यालाही कितीतरी मागे टाकून गेलं होतं. आपल्या घटनेत सगळ्या देशाचा कारभार आहे, त्यांच्या घटनेत लाइमस्टोनची मेलेली गुरं होती.

हसून झालं असेल तर जेफरसन काउंटीकडे येऊ, कारण तिथं याची किंमत माणसांनी मोजली.

जेफरसन ही राज्यातली सर्वांत मोठ्या लोकसंख्येची काउंटी. बर्मिंगहॅम शहर तिथलंच. काउंटीनं सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी प्रचंड कर्ज काढलं, त्यात लाचखोरी झाली, बँकांनी गुंतागुंतीचे व्यवहार गळ्यात मारले. काउंटी कमिशनचे माजी अध्यक्ष आणि नंतर बर्मिंगहॅमचे महापौर झालेले लॅरी लँगफर्ड यांना 2009 मध्ये दोषी ठरवून पुढे 15 वर्षांची शिक्षा झाली. जेपी मॉर्गन बँकेनं साडेसात कोटी डॉलर भरले आणि 64 कोटींहून अधिक डॉलरच्या फीवर पाणी सोडलं. कर्जाचं ओझं होतंच. त्यात काउंटीचा एक कर होता, तिथं नोकरी-धंदा करणाऱ्यांच्या कमाईवरचा. वर्षाला सुमारे 7 कोटी डॉलर मिळायचे, काउंटीच्या मुख्य खर्चाचा मोठा हिस्सा त्यातून भागायचा. तो कर आधी कोर्टात अडकला. मग 2009 मध्ये विधिमंडळानं नवा कायदा करून दिला. पण अशा स्थानिक कायद्याची सूचना आधी तिथल्या वर्तमानपत्रात नीट छापावी लागते, असं घटनेतलं एक कलम आहे. सूचना नियमाप्रमाणे छापली नाही म्हणून मार्च 2011 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदाही रद्द केला. काउंटीला स्वतः दुसरा कर लावण्याचा अधिकार नव्हता. विधिमंडळानं पर्याय दिला नाही.

पुढचं सगळं वेगानं घडलं. शेकडो कर्मचारी घरी बसले. काउंटीची उपनगरातली कार्यालयं बंद झाली. गाडीच्या नंबरपट्टीचं नूतनीकरण करायला मुख्य कार्यालयाबाहेर तासन्‌तास रांगा लागल्या. 9 नोव्हेंबर 2011 ला काउंटीनं दिवाळखोरी जाहीर केली, सुमारे 4 अब्ज डॉलरचं कर्ज. डेट्रॉइटनं 2013 मध्ये हा विक्रम मोडेपर्यंत अमेरिकेतल्या स्थानिक सरकारांची ती सर्वांत मोठी दिवाळखोरी होती. गरिबांसाठी असलेल्या कूपर ग्रीन या काउंटीच्या रुग्णालयात 2012 च्या अखेरीस रुग्ण दाखल करून घेणं बंद झालं. लाच खाणाऱ्यांना शिक्षा झाली, ठीकच झालं. पण रुग्णालयाच्या खाटेवरच्या माणसानं कुणाची लाच खाल्ली होती?

जेफरसनचं उदाहरण देऊन काही जण म्हणतात, बघा, काउंट्यांना अधिकार दिले की अशी लूट होते. हा युक्तिवाद फेकून देण्यासारखा नाही. लूट झाली हे खरं आहे. पण लूट थांबवण्यासाठी हिशेब तपासावा लागतो, गुन्हेगार पकडावा लागतो, आणि तो पकडलाही गेला. त्यासाठी पुढच्या, निवडून आलेल्या मंडळाचे हात बांधून ठेवण्याची गरज कुठं होती? मतदारांनी जुने लोक बदलले तरी नव्यांच्या हाती काहीच नाही, हे आम्हाला तरी त्या कर्जाइतकंच गंभीर वाटतं.

आणि अधिकार वर नेण्यामागे दर वेळी हिशेबाची काळजी असते, असंही नाही. 2016 च्याच फेब्रुवारीत बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेनं शहरातली किमान मजुरी ताशी 7.25 डॉलरवरून 10.10 डॉलर करायचं ठरवलं. बर्मिंगहॅममधले दहातले सात लोक कृष्णवर्णीय आहेत, आणि कमी पगारात राबणारे पुष्कळ त्यांच्यातलेच. विधिमंडळानं घाईघाईनं कायदा करून कुठल्याही शहराला किंवा काउंटीला स्वतःची किमान मजुरी ठरवायला बंदी केली. गव्हर्नर रॉबर्ट बेंटली यांनी 25 फेब्रुवारीला, मंजुरीच्याच दिवशी, सही केली. कामगार कोर्टात गेले. एका टप्प्यावर त्यांची बाजू ऐकली गेली, पण 2019 च्या डिसेंबरात अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठानं दावा काढून टाकला. म्हणजे ज्या वर्षी नोव्हेंबरमध्ये काउंट्यांना झाडलोटीचा अधिकार दिला, त्याच वर्षी फेब्रुवारीत मजुरीचा काढून घेतला होता. या दोन बातम्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या की नीयत कळते.

राज्यभरच्या मतदानानं आपल्या समाजालाही तिथं एकदा स्पर्श केलेला आहे. 2014 मध्ये अलाबामानं घटनादुरुस्ती करून राज्याच्या कोर्टांना परदेशी कायद्याचा आधार घेण्यास मनाई केली. 72 टक्क्यांच्या आसपास मतं बाजूनं पडली. मजकुरात शरियत हा शब्द नव्हता. पण ज्या सिनेटरनं ती आणली, त्या जेराल्ड अ‍ॅलन यांच्या 2011 च्या आधीच्या मसुद्यात तो शब्द स्पष्ट होता. टीका झाल्यावर शब्द गेला, हेतू राहिला. अलाबामात मुसलमान मूठभर. तिथल्या कोर्टांवर शरियतचा कोणता हल्ला होणार होता, ते कुणालाही दाखवता आलं नाही. शब्द काढायचा आणि गोष्ट ठेवायची, ही युक्ती लक्षात ठेवा, कारण पुढे तीच मोठ्या प्रमाणावर दिसते.

8 नोव्हेंबर 2022 ला अलाबामानं 1901 च्या घटनेची नवी, नीट लावलेली आवृत्ती मोठ्या बहुमतानं स्वीकारली. शाळेत काळ्या-गोऱ्या मुलांना वेगळं बसवण्याचं कलम, मतदान कराचे उल्लेख, शिक्षा म्हणून गुलामीला मुभा देणारे शब्द, हे सगळं गेलं. काउंटीवार दुरुस्त्या एकत्र लावल्या. जगभर मथळे आले की अलाबामानं वर्णद्वेषी घटना फेकून दिली. काम चांगलं झालं, याबद्दल शंका नको. कोर्टानं कधीच रद्द ठरवलेले ते शब्द तिथं पडून असणं हाच अपमान होता. तेच शब्द काढायचा प्रयत्न 2004 साली अवघ्या 1,850 मतांनी हरला होता. तेव्हा विरोधकांनी काय सांगितलं माहीत आहे? त्या कलमात, राज्यानं कुणाच्याही शिक्षणाचा हक मान्य केलेला नाही, असंही एक वाक्य होतं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्यावर 1956 मध्ये ते घुसवलं होतं. ते वाक्य काढलं तर कोर्ट शाळांसाठी कर वाढवायला लावेल, अशी भीती घालण्यात आली. वर्णद्वेषाचं समर्थन कुणाला करावं लागलं नाही. कराचं नाव काढलं की पुरे.

2022 च्या आवृत्तीत सत्तेची रचना मात्र बदलली नाही. काम फक्त साफसफाईचं आणि मांडणीचं होतं, तेवढंच 2020 मध्ये मतदारांनी सोपवलं होतं. कर लावण्याचा अधिकार होता तिथंच राहिला. मालमत्ता कर देशात सर्वांत कमी असणाऱ्या राज्यांत अलाबामा आजही आहे. एका संघीय न्यायाधीशानं 2004 मध्येच नोंदवून ठेवलं आहे की या कराच्या मर्यादांची मुळं वर्णभेदाच्या हेतूत आहेत. पण त्या खटल्यात त्यावर उपाय करण्याचा आदेश निघाला नाही.

इथं एक गैरसमज टाळायला हवा. सत्ता खाली दिली की इन्साफ आपोआप होतो, असं आम्ही म्हणत नाही. अलाबामाचाच इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. 1965 मध्ये सेल्मा गावात मताधिकार मागणाऱ्यांवर लाठ्या चालवणारा शेरीफ जिम क्लार्क हा काउंटीचाच अधिकारी होता, दिल्लीहून, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनहून, आलेला नव्हता. उलट त्याला आवर घालणारा मताधिकार कायदा वॉशिंग्टनहून आला. पण पुढचं ऐका. तो कायदा ऑगस्ट 1965 मध्ये झाला, कृष्णवर्णीयांची नावं यादीत लागली, आणि 1966 च्या निवडणुकीत त्याच काउंटीच्या मतदारांनी क्लार्कला पाडलं. काउंटीची सत्ता तीच होती, बदलली होती ती मतदार यादी.

म्हणून 2016 च्या दुरुस्तीकडे आम्ही असं बघतो की 1965 नं यादी उघडली, पण 1901 चं कपाट अजून बंद आहे. राज्यात जे अल्पसंख्य आहेत ते एखाद्या काउंटीत, एखाद्या शहरात बहुसंख्य असू शकतात. तिथं त्यांनी मंडळ निवडून आणलं, तर त्या मंडळाच्या हातात काय असावं, हा खरा प्रश्न आहे. निर्णय वरच्या पातळीवर नेला की तेच लोक पुन्हा अल्पसंख्य होतात, त्यासाठी कुणाचं मत हिरावून घ्यावं लागत नाही. आपल्या घटनेतही 73 व्या दुरुस्तीनं पंचायतींना किती अधिकार द्यायचे ते राज्यांच्या मर्जीवर सोडलेलं आहे. वाचकांना आसपासची उदाहरणं आठवतील. ती मोजण्याची ही जागा नाही.

सेल्माहून माँटगोमेरीला जाणारा जो मोर्चा 1965 मध्ये निघाला, त्याच्या वाटेतला मोठा भाग लाऊंड्स काउंटीतून जातो. त्या वर्षाच्या सुरुवातीला तिथं पाचातले चार लोक कृष्णवर्णीय होते आणि मतदार यादीत त्यांचं एकही नाव नव्हतं. आज मंडळ त्यांचं आहे. लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास, गरिबी भयंकर. ब्लॅक बेल्टची ती प्रसिद्ध चिकण माती पाणी मुरू देत नाही, म्हणून साधी सेप्टिक टाकी चालत नाही, आणि चालणारी टाकी हजारो डॉलरची. कितीतरी घरांचं मैलापाणी पाइपमधून थेट अंगणात पडतं. 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी तिथल्या 55 जणांची तपासणी केली तर तिघांतल्या एकाच्या पोटात हुकवर्मचे अंश सापडले. हा रोग अमेरिकेतून कधीच गेला, असं मानलं जायचं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन तिथं आले आणि विकसित देशात असं दृश्य पाहिलं नव्हतं, असं सांगून गेले. टाकी नाही म्हणून त्या गरिबांवर गुन्हा दाखल करण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. राज्याच्या आरोग्य खात्याचा कायदा, राज्याच्या हातातला कर. हे सगळं फक्त होम रूल नसल्यामुळे झालं असं म्हणणं जास्तीचं होईल. गरीब काउंटीनं कर लावला तरी वसूल किती होणार, हाही प्रश्न आहेच. पण 2016 च्या यादीतली झाडलोट आणि वाहतूक घेऊन लाऊंड्सच्या मंडळानं या मैल्याचं काय करायचं?

शेवटी पुन्हा वॉशिंग्टनकडेच बघावं लागलं. मे 2023 मध्ये देशाच्या न्याय खात्यानं नागरी हक्कांच्या कायद्याखाली अलाबामाच्या आरोग्य खात्याशी करार केला. रहिवाशांवरचे गुन्हे थांबवायचे, कुठं काय गरज आहे ते मोजायचं, टाक्या बसवायची योजना करायची. एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प सरकारच्या न्याय खात्यानं तो करार रद्द केला. वंशाच्या आधारावर विशेष वागणूक देणारी धोरणं आपल्याला मान्य नाहीत, असं कारण दिलं. राज्याच्या आरोग्य खात्यानं कळवलं की मंजूर झालेले पैसे संपेपर्यंत टाक्या बसवण्याचं काम चालू राहील.